देवळें बांधणारा प्यूजिन



देवळाच्या ज्युबिलीच्या पुस्तकांत देणगी देणाऱ्यांचीं नांवें असतात, होऊन गेलेल्या विगारांचीं असतात. परंतु देवळाचा नकाशा ज्यानें काढला त्याचें नांव सांपडलेंच तर कोठें तरी एका ओळींत सांपडतें. ही उणीव थोडीशी भरून निघावी म्हणून, देवळें बांधण्यांत ज्याचें सारें आयुष्य झिजलें अशा एका इंग्रज स्थापत्यकाराची हकीकत येथें सांगतों. ऑगस्टस वेल्बी प्यूजिन यानें हिंदुस्थान कधीं पाहिला नाहीं. तथापि टोंकदार कमानी आणि निमुळतें उंच शिखर दृष्टीस पडतांच 'देऊळ असावें तर असें' हे उद्गार आपल्यापैकीं पुष्कळांच्या तोंडून निघतात. त्या आवडीचें मूळ शोधूं गेल्यास आपण बऱ्याच अंशीं याच माणसापाशीं येऊन पोंचतों.

त्याचा जन्म लंडन येथें १ मार्च १८१२ रोजीं झाला. बाप फ्रान्समधून आलेला चित्रकार; जुन्या गॉथिक इमारतींचीं मापें घेऊन त्यांचीं चित्रें छापण्याचा त्याचा उद्योग असे, व मुलगा लहानपणापासून त्याच्याबरोबर हिंडे. पंधराव्या वर्षीं या मुलानें विंडसरच्या राजवाड्यासाठीं लांकडी सामानाचे आराखडे करून दिले. पुढें नाटकगृहाचे देखावे रंगविले, स्वतःची होडी घेऊन समुद्र धुंडाळला, लांकडी सामानाचा धंदा काढला, तो बुडाला आणि कर्जापायीं तुरुंगही पाहिला. विसाव्या वर्षीं पहिली पत्नी बाळंतपणानंतर वारली. एवढें सारें ज्या वयांत त्याच्यावर गुदरलें, त्या वयांत आम्ही सेमिनरींत लॅटिनचीं रूपें घोकीत होतों.

१८३५ सालीं प्यूजिन कॅथलिक झाला. या गोष्टीचें महत्त्व कळण्यास त्या काळचें इंग्लंड डोळ्यांपुढें आणलें पाहिजे. आठव्या हेन्रीनें रोमशीं संबंध तोडल्यानंतर, मेरी राणीचीं पांच वर्षें वगळल्यास, जुनीं देवळें कॅथलिकांच्या हातचीं गेलीं तीं गेलींच. मिस्सा लपूनछपून होई. १७९१ च्या कायद्यानें प्रार्थनागृहें उघडण्यास मोकळीक मिळाली, पण त्यांवर मनोरा व घंटा नसावी अशी अट होती. पार्लमेंटांत बसण्याचा हक्क १८२९ सालीं मिळाला. म्हणजे प्यूजिननें हातीं कंपास धरला तेव्हां, देऊळ कसें असतें हेंच तेथील कॅथलिक समाज जवळजवळ विसरला होता.

जुन्या दगडांचा अभ्यास करतां करतां हा मनुष्य त्या दगडांमागील श्रद्धेपर्यंत गेला. नक्षीच्या मोहानें तो कॅथलिक झाला, अशी टवाळी रस्किनसारख्या विद्वानानेंही केली. मला ती पटत नाहीं. धर्मांतरामुळें त्यास कामें मिळालीं तशीं तीं गेलींही; १८४३ सालीं ऑक्सफर्डच्या बेलियल कॉलेजांतील त्याची योजना बारगळली, ती तो कॅथलिक असल्याकारणानेंच. नक्षीचा शौक भागविण्यास याहून स्वस्त मार्ग होते.

१८३६ सालीं त्यानें 'कॉन्ट्रास्ट्स' हें पुस्तक प्रसिद्ध केलें. त्यांत जुन्या व नव्या इमारतींचीं चित्रें समोरासमोर मांडलेलीं आहेत. १८४१ च्या दुसऱ्या आवृत्तींत दोन अनाथगृहांची जोडी आहे. एकांत मठाच्या आश्रयास राहिलेल्या म्हाताऱ्यास भाकरी, मांस व अंगभर वस्त्र मिळतें, आणि मेल्यावर प्रार्थनेसह मूठमाती. दुसऱ्यांत नव्या पद्धतीची कोंडवाड्यासारखी इमारत; तेथील गरिबाचें प्रेत चिरफाडीसाठीं पाठवितात. हें चित्र पाहिल्यावर प्यूजिनचा झगडा केवळ कमानींचा नव्हता याविषयीं शंका उरत नाहीं. त्याच वर्षीं त्यानें आपले दोन नियम छापले: सोय, बांधणी किंवा औचित्य यांस ज्याची गरज नाहीं असें कांहींही इमारतींत असूं नये, आणि अलंकार हा मूळ बांधणीस खुलविण्यापुरताच असावा. ज्यानें ज्यानें खोटे खांब आणि संगमरवरासारखा रंग दिलेल्या लांकडी वेद्या पाहिल्या आहेत, त्यास हे नियम आजही झोंबतील.

बर्मिंगहॅमचें संत चॅडचें देऊळ १८४१ सालीं अभिषिक्त झालें; धर्मक्रांतीनंतर इंग्लंडांत जीं पहिलीं कॅथलिक कॅथीड्रलें झालीं त्यांपैकीं हें एक. पैसा बेताचा, म्हणून भिंती विटांच्या. याच देवळावरून मोठा वाद झाला. वेदी व लोक यांच्यामध्यें, वर क्रूस असलेली कोरीव लांकडी जाळी हवीच, असा प्यूजिनचा हट्ट. तर पुढें कार्डिनल झालेले वाइझमन यांचें म्हणणें, ती काढावी, लोकांना वेदी मोकळी दिसावी. प्यूजिननें काम सोडण्याची धमकी दिली व जाळी राहिली. शेवटीं १९६७ सालीं, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतरच्या फेरबदलांत, ती काढण्यांत आली व रेडिंग येथील एका अँग्लिकन देवळांत गेली. वाइझमन यांचा मुद्दा मला तेव्हांही बरोबर वाटला असता, आणि तरीही ती जाळी काढणाऱ्यांमध्यें माझा हात असूं नये असें वाटतें.

पैशाचें बळ असलें म्हणजे प्यूजिन काय करूं शके तें चीडल येथें दिसतें. श्र्यूजबरीचा अर्ल जॉन टॅल्बट हा तेथें आश्रयदाता होता. १८४६ सालीं पुरें झालेलें हें संत जाइल्सचें देऊळ लाल वालुकाश्माचें, शिखर सुमारें २०० फूट उंच, आणि आंत जमिनीपासून छपरापर्यंत रंग व सोनें नाहीं अशी जागा नाहीं. फरशा मिंटनच्या, धातुकाम हार्डमनचें, बांधणी मायर्सची. प्यूजिनचे हे जन्माचे सोबती होत. उलट लंडनच्या सदर्क भागांतील संत जॉर्जचें देऊळ गरिबांच्या पैशांवर उभें राहावयाचें होतें. पहिला भव्य बेत आंखडावा लागला, १८४८ सालीं तें उघडलें, पण मनोरा अपुरा राहिला. १९४१ च्या बाँबवर्षावांत तें जळालें व १९५८ सालीं पुन्हां उघडलें. आयर्लंडांतील किलार्नीचें कॅथीड्रल तर दुष्काळांत अर्धवट थांबलें, आणि त्या अपुऱ्या भिंतींत उपासमारीनें गांजलेल्यांना आसरा मिळाला. देवळाच्या छपरासाठीं दारोदार वर्गणी मागितलेल्या माणसास चीडलपेक्षां हीं दोन देवळेंच जवळचीं वाटतात.

प्यूजिनचा एक दोष मात्र झांकून ठेवण्यांत अर्थ नाहीं. टोंकदार कमान तेवढी ख्रिस्ती, आणि ग्रीक-रोमन धर्तीचें सारें मूर्तिपूजकांचें, असें तो मानी. १८४७ सालीं तो रोमला गेला, तेथील स्थापत्य पाहून त्याचा विरसच झाला. संत जॉन हेन्री न्यूमन यांस हा हेका पसंत नव्हता. ख्रिस्तसभा जिवंत आहे, तिच्या गरजा बदलतात, त्यांप्रमाणें देऊळही बदलावें असें त्यांचें मत. आपल्यापुरतें बोलावयाचें तर जुन्या गोव्यांतील बॉम जेझूसचें देऊळ १६०५ सालीं अभिषिक्त झालें. त्यांत टोंकदार कमानींना मान नाहीं, पण संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र देहापुढें गुडघे टेकणाऱ्याला ती उणीव आजवर भासलेली नाहीं. वसईच्या किल्ल्यांतील पडक्या देवळांच्या अर्धगोल कमानीखालींही आपल्या पूर्वजांचे बाप्तिस्मे झालेच कीं.

गंमत अशी कीं, प्यूजिनचे धडे सर्वांत मन लावून गिरविले ते अँग्लिकनांनीं. त्यांच्या मंडळींच्या सल्ल्यानें मुंबईस कुलाब्याचें अफगाण चर्च उभें राहिलें व १८५८ सालीं अभिषिक्त झालें. पुढें ही गॉथिक धाटणी कॅथलिकांकडेही आली: वांद्र्याच्या मोत माउलीचें आजचें देऊळ १९०४ चें, आणि कुलाब्याचें पवित्र नामाचें कॅथीड्रल १९०५ चें.

इकडे प्यूजिन स्वतःस जाळीत होता. बॅरीच्या नांवावर असलेल्या पार्लमेंटगृहाची आंतील बहुतेक नक्षी, सिंहासनापासून दाराच्या कड्यांपर्यंत, त्यानें आंखली. १८५२ सालीं घड्याळाच्या मनोऱ्याचा नकाशा काढला, तोच त्याचा शेवटचा. हाताखालीं कारकून ठेवा असें कोणी सुचविलें, तेव्हां तो बिचारा आठवड्यांत मरेल, असें उत्तर त्यानें दिल्याची आख्यायिका आहे. आपल्या कमाईंतून त्यानें १८४५ पासून रॅम्सगेट येथें समुद्रकांठीं, स्वतःच्या घराशेजारीं, संत ऑगस्टीनचें देऊळ बांधावयास घेतलें. येथें ना अर्ल होता, ना समिति, म्हणून तें मनासारखें झालें: बाहेरून गारगोटीच्या काळ्या दगडाचें, आंतून घडीव दगडाचें. १८५२ च्या आरंभीं त्याचें मन ढळलें. वेड्यांच्या इस्पितळांत ठेवावें लागलें. सप्टेंबरांत पत्नी जेननें त्यास घरीं आणलें, आणि १४ तारखेस, पवित्र क्रूसाच्या सणाच्या दिवशीं, चाळिसाव्या वर्षीं त्यानें देह ठेवला. मुलगा एडवर्ड यानें बापाचा व्यवसाय पुढें चालवून आणखी पुष्कळ देवळें बांधलीं. रॅम्सगेटच्या देवळांतच प्यूजिनची कबर आहे. त्या देवळाच्या मनोऱ्यावर योजलेलें शिखर कधींच चढलें नाहीं. २०१२ सालीं तें संत ऑगस्टीनचें तीर्थमंदिर म्हणून जाहीर झालें, आणि तेथें मिस्सा त्या बिनशिखराच्या मनोऱ्याखालींच होतो.