साथ ओसरते, थकवा उरतो : लाँग कोविड आणि मेंदूच्या तक्रारींचा जुना इतिहास

कोविडमधून बरे झालेल्या काही जणांची तक्रार साधारण अशी असते : बोलता बोलता नेमका शब्द आठवत नाही, साध्या हिशेबात चुका होतात, दुपारपर्यंत अंगातले त्राण संपते, रात्रभर झोपूनही ताजेतवाने वाटत नाही. रक्ताच्या तपासण्या नॉर्मल, एमआरआयही नॉर्मल. मग घरचे म्हणतात, "मनावर घेऊ नकोस, होईल बरं."

या तक्रारींना आज आपण 'लाँग कोविड' म्हणतो. नाव नवे आहे, पण साथीच्या तापानंतर मज्जासंस्था दुखावण्याची गोष्ट किमान सव्वाशे वर्षे जुनी आहे. ती माहीत असली, की आजच्या रुग्णाकडे बघण्याची आपली नजर बदलते.

रशियन फ्लू : १८८९

१८८९ च्या अखेरीस रशियातील सेंट पीटर्सबर्ग येथे तापाची मोठी साथ आली. रेल्वे आणि आगबोटींमुळे ती काही महिन्यांत जगभर पसरली. ताप आठवड्याभरात उतरे, पण अनेकांचा अशक्तपणा, निद्रानाश आणि उदासी महिनोन् महिने टिकून राही. इंग्लंडमधील समाजसुधारक जोसेफिन बटलर यांनी या आजारानंतर लिहिलेल्या पत्रात अर्धा तास वाचले किंवा लिहिले तरी आडवे पडावे लागते, असे कळवले होते. लाँग कोविडच्या आजच्या रुग्णाला ही तक्रार आपलीच वाटेल.

घशाच्या विकारांचे नामवंत डॉक्टर मोरेल मॅकेन्झी यांनीही हा आजार मुख्यतः मज्जासंस्थेला कसा छळतो, हे त्या काळी मांडले. पण मेंदूत नेमके काय बिघडते हे पाहण्याचे साधन कोणाकडेच नव्हते. म्हणून अशा रुग्णांवर 'न्यूरास्थेनिया', म्हणजे नसांचा थकवा, असा शिक्का बसे.

या कथेला पुढे एक वळण मिळाले. २००५ मध्ये बेल्जियममधील संशोधकांनी साध्या सर्दीच्या ओसी४३ या कोरोना विषाणूचा जनुकीय अभ्यास केला. हा विषाणू गुराढोरांतून माणसात साधारण १८९० च्या सुमारास आला असावा, असे त्यांना दिसले. त्यामुळे ती साथ फ्लूची नसून कोरोना विषाणूची असावी, अशी शंका घेतली जाते. ती अजून सिद्ध झालेली नाही.

मानमोडी आणि झोपेचा आजार

१९१८ ची साथ महाराष्ट्रात 'मानमोडी' म्हणून ओळखली गेली. जूनमध्ये ती मुंबईत आली आणि पुढे भारतात एक कोटीहून अधिक माणसे दगावली, असा अंदाज आहे.

त्याच सुमारास युरोपात एक विचित्र आजार दिसू लागला. काही रुग्ण आठवडेच्या आठवडे झोपून राहत, तर काहींची झोप पूर्ण उडे. व्हिएन्नाचे डॉक्टर कॉन्स्टंटिन फॉन इकोनोमो यांनी १९१७ मध्ये त्याचे वर्णन केले आणि त्याला 'एन्सेफलायटिस लेथार्जिका' हे नाव दिले. मृत रुग्णांचे मेंदू तपासताना त्यांना दिसले, की मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसच्या मागच्या भागाला इजा असेल तर रुग्ण झोपाळू होतो आणि पुढच्या भागाला असेल तर त्याची झोप उडते. झोपेचे नियंत्रण मेंदूत कुठे होते, याचा पहिला भक्कम पुरावा असा हाती आला.

साधारण दहा वर्षांत ही साथ विरली. मात्र त्यातून वाचलेल्यांपैकी अनेकांना काही वर्षांनी कंपवातासारखा आजार जडला आणि काही जण पुतळ्यासारखे निश्चल झाले. १९६९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये डॉ. ऑलिव्हर सॅक्स यांनी अशा रुग्णांना एल-डोपा दिले, तेव्हा काही जण दशकांनंतर बोलू-चालू लागले. बहुतेकांत मात्र हा परिणाम फार काळ टिकला नाही.

हा आजार फ्लूमुळेच झाला, असे पुष्कळांनी गृहीत धरले. पण त्याचे पहिले रुग्ण फ्लूच्या साथीआधीचे होते आणि जपून ठेवलेल्या मेंदूच्या नमुन्यांत फ्लूचा विषाणू सापडला नाही. यातून दोन धडे मिळतात. मेंदूची इजा कधी कधी वर्षांनी उघड होते. आणि दोन गोष्टी एकाच काळात घडल्या, म्हणून एकीमुळे दुसरी झाली असे होत नाही.

"हिस्टेरिया आहे हा"

१९५५ मध्ये लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये सुमारे ३०० कर्मचारी आजारी पडले. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. ताप, स्नायूदुखी, चक्कर आणि न संपणारा थकवा ही लक्षणे होती. १९७० मध्ये दोन मानसोपचारतज्ज्ञांनी रुग्णांना न तपासता, केवळ जुने केसपेपर वाचून, हा सामूहिक हिस्टेरिया असल्याचा निष्कर्ष काढला. आजारी पडलेल्यांत स्त्रिया जास्त होत्या, हा त्यांचा एक मुद्दा होता. या मताचा पगडा दीर्घकाळ राहिला आणि अशा रुग्णांवरचे संशोधन मागे पडले.

त्याची किंमत पुढच्या रुग्णांनी मोजली. २००३ च्या सार्सनंतर टोरांटोतील काही रुग्ण, त्यांत बरेच आरोग्य कर्मचारी, वर्ष-दोन वर्षांनंतरही थकवा, अंगदुखी आणि झोपेच्या बिघाडामुळे कामावर परतू शकले नव्हते. सार्सचा विषाणूही कोरोनाच होता. तरी २०२० मध्ये या अनुभवाची आठवण फार थोड्यांना होती. 'लाँग कोविड' हे नावसुद्धा डॉक्टरांनी दिलेले नाही. इटलीच्या पुरातत्त्वज्ञ एलिसा पेरेगो यांनी स्वतः आजारी असताना, मे २०२० मध्ये, ते समाजमाध्यमावर वापरले. जागतिक आरोग्य संघटनेने या आजाराची व्याख्या केली ती ऑक्टोबर २०२१ मध्ये.

आज संशय कोणावर?

१८९० च्या डॉक्टरांकडे नव्हती ती साधने आज आपल्याकडे आहेत. ब्रिटनमध्ये ७८५ जणांच्या मेंदूचे दोनदा स्कॅन झाले. त्यांपैकी ४०१ जणांना दोन स्कॅनच्या मधल्या काळात कोविड झाला होता, बहुतेकांना सौम्य. या गटात वासाशी संबंधित भागांतील करडे द्रव्य इतरांपेक्षा अधिक घटलेले दिसले. हा फरक गटाच्या सरासरीतला आहे, एकट्या माणसाच्या एमआरआयमध्ये तो सहसा दिसत नाही. म्हणून "रिपोर्ट नॉर्मल" याचा अर्थ "काहीच नाही" असा होत नाही.

संभाव्य कारणे अशी :

१. मेंदूतील मायक्रोग्लिया या संरक्षक पेशी चिडलेल्या राहणे. उंदरांवरील प्रयोगात संसर्ग फक्त फुप्फुसात होता, विषाणू मेंदूत नव्हता, तरी या पेशी खवळल्या आणि नसांवरील मायलिनचे आवरण कमी झाले.

२. मेंदूच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांना इजा होणे. डब्लिनच्या संशोधकांना 'ब्रेन फॉग' असलेल्या रुग्णांमध्ये रक्त आणि मेंदू यांच्यातील संरक्षक पडदा झिरपता आढळला.

३. प्रतिकारशक्तीने स्वतःच्याच ऊतींवर हल्ला करणे.

४. विषाणूचे अवशेष शरीरात रेंगाळणे किंवा एप्स्टाइन-बार यासारखा सुप्त विषाणू पुन्हा जागा होणे.

५. हृदयाची गती आणि रक्तदाब सांभाळणाऱ्या स्वायत्त मज्जासंस्थेचा तोल जाणे. अशा रुग्णांना उभे राहताच धडधड होते आणि चक्कर येते.

सर्व रुग्णांत एकच कारण असेल असे नाही. त्यामुळेच सर्वांना लागू पडणारे एकच औषधही अजून मिळालेले नाही.

इतिहासातून आपण काय घ्यावे?

तक्रार खरी माना, पण प्रत्येक थकव्याला कोविडचे नाव देऊ नका. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२, साखर, झोपेतील श्वासाचा अडथळा आणि नैराश्य यांची तपासणी आधी व्हायला हवी, कारण यांवर उपचार आहेत. श्रम केल्यानंतर दुसऱ्या दिवशी त्रास वाढत असेल, तर "जोर लावून व्यायाम करा" हा सल्ला उलटू शकतो. कामाचे छोटे तुकडे करा, मध्ये विश्रांती घ्या आणि ताकद बघून हळूहळू पुढे सरका. एका बाजूची शक्ती अचानक गेली, बोलणे अडखळले, झटका आला किंवा शुद्ध हरपली, तर मात्र वाट न पाहता रुग्णालय गाठा.

आणि घरात असा रुग्ण असेल, तर त्याला आळशी म्हणण्याआधी अर्ध्या तासाच्या वाचनाने थकणाऱ्या जोसेफिनबाईंची आठवण ठेवा.