कुत्र्याची नखे आणि रानाची मालकी

दोन वर्षांपूर्वी गोंदिया तालुक्यात, दवनीवाड्याच्या बाजूच्या एका शाळेत बोलायला गेलो होतो. विषय होता अन्नसाखळी. धान निसवण्याचे दिवस होते, आणि रात्री जागलीला गेलेली दोन-तीन मुले मागच्या बाकावर पेंगत होती. भाषण संपल्यावर नववीतल्या एका मुलाने विचारले, "सर, आमच्या कुत्र्याने बांधीतले रानडुक्कर मारले, तर गुन्हा कोणाचा? कुत्र्याचा की बाबांचा?" वर्ग हसला. मीही हसलो, पण मला उत्तर देता आले नाही. प्राणिशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेल्या माणसाला रानडुकराच्या दातांचे सूत्र पाठ असते. डुक्कर कोणाचे, हे मात्र त्याला कोणी शिकवलेले नसते. परत आल्यावर जे वाचले, ते येथे मांडतो आहे.

प्रथम कुत्र्याचे काम समजून घेऊ. एकटा माणूस रानडुकराच्या मागे धावून काही साधत नाही. डुक्कर त्याच्याहून वेगवान असते, आणि जखमी झाले तर सुळ्याने पोटऱ्या फाडते. पण तीन-चार गावठी कुत्री बरोबर असली की चित्र पालटते. कुत्री वासाने माग काढतात, डुकराला घेरतात आणि भुंकत राहतात. डुक्कर एखाद्या झुडपाला पाठ लावून तोंड त्यांच्याकडे करून उभे राहते. माणसाला हवे असते ते एवढेच, की प्राणी एका जागी थांबावा. बंदूक नसलेल्या माणसाला भाला पुरतो. म्हणजे कुत्रा हे गरिबाचे शिकारीचे साधन होते. आणि ज्याला इतरांची शिकार बंद करायची असेल, त्याने कायदे करताना कुत्र्याकडे आधी पाहिले यात नवल नाही.

याचे सर्वांत जुने आणि नीट नोंदलेले उदाहरण इंग्लंडमधले आहे. तेथे राजाने मोठमोठी अरण्ये हरणांच्या शिकारीसाठी राखली होती. त्यांच्या हद्दीत खेडी होती, शेते होती, आणि राखणीसाठी मोठी कुत्रीही होती. त्या कुत्र्यांच्या पुढच्या पायाची तीन नखे छाटून टाकावीत असा नियम होता. असा कुत्रा दारात भुंकू शकतो, पण हरणामागे धावू शकत नाही. आपल्याकडे द्वाड गुराच्या गळ्यात लोढणे बांधतात, त्यातलाच हा प्रकार, फक्त अधिक निर्दय. इ.स. १२१७ च्या 'अरण्याच्या सनदे'ने सामान्य लोकांना रानात डुकरे चारण्याचे आणि इतर काही हक्क परत दिले. कुत्र्यांची नखे छाटणे मात्र बंद केले नाही. ती तपासणी दर तीन वर्षांनी व्हावी आणि चुकणाऱ्याला तीन शिलिंग दंड असावा, एवढीच शिस्त लावली.

पुढे १६७१ च्या कायद्याने आणखी कमाल केली. वर्षाला १०० पौंड उत्पन्नाची स्वतःची जमीन नसलेल्या सर्वसाधारण माणसाला शिकारी कुत्रा बाळगण्याचीच बंदी झाली. त्या काळी पार्लमेंटच्या निवडणुकीत परगण्यातून मत देण्यासाठी वर्षाला २ पौंड उत्पन्नाची जमीन पुरत असे. म्हणजे राज्य कोणी चालवावे हे ठरवायला जेवढी जमीन लागे, तिच्या पन्नास पट जमीन एक ससा मारायला लागे! जमिनीची ही अट १८३१ मध्ये गेली.

आता आपल्या झाडीपट्टीकडे येऊ. १८५३ मध्ये नागपूरचे भोसल्यांचे राज्य इंग्रजांनी खालसा केले आणि १८६१ मध्ये मध्यप्रांत स्थापन झाला. आजचा गोंदिया जिल्हा तेव्हा भंडाऱ्यात होता. तो वेगळा झाला १ मे १९९९ रोजी. नव्या सरकारने १८६० नंतरच्या जमाबंदीत मालगुजारांना गावांची मालकी दिली, आणि गावाबरोबर गावचे रान आणि तलावही त्यांच्याकडे गेले. (आपण आजही ज्यांना 'मामा तलाव' म्हणतो ते हे माजी मालगुजारी तलाव.) मालकी मालगुजाराची झाली, तरी गावकऱ्यांचा 'निस्तार' राहिला. निस्तार म्हणजे घरापुरते लाकूड, जळण, गवत, चराई, असा रोजच्या गरजांचा हक्क. हा शब्द विदर्भाबाहेरच्या शिक्षकांना कदाचित अपरिचित असेल. इकडे तो म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी अजून आहे.

गावाबाहेरची मोठी जंगले सरकारने आपल्याकडे ठेवली आणि त्यांतली बरीच राखीव केली. तेथे वनकायद्याचा अंमल सुरू झाला. १९२७ च्या वनकायद्याचे २६ वे कलम पाहा. राखीव जंगलात गुरे चारणे आणि लाकूड तोडणे यांच्याच यादीत, नियम मोडून शिकार करणे, मासे मारणे, पाण्यात विष घालणे आणि फासे लावणे हेही आहे. याच जंगलांचे शिकारीसाठी 'ब्लॉक' पाडलेले असत आणि परवाना घेऊन येणाऱ्या साहेबाला तो ब्लॉक ठरावीक मुदतीसाठी मिळे. साहेबासाठी हाका घालायला माणसे आसपासच्या खेड्यांतलीच. म्हणजे तोच गावकरी, तेच रान, तेच सांबर. साहेबासाठी रान उठवले तर मजुरी, स्वतःसाठी उठवले तर चोरी.

यावर शिकारी साहेबांचे उत्तर नीतीचे असे. आम्ही मादी मारत नाही, पिले मारत नाही, जनावराला संधी देतो. गावकरी मात्र फासे, भाले आणि कुत्री वापरतो, ही शिकार नव्हे, कत्तल आहे. त्यात काही तथ्य होते हे मान्य करायला हवे. फाशाला मादी-पिलू कळत नाही. पण याच साहेबांनी पुण्या-खडकीच्या छावणीत शिकारी कुत्र्यांचा तांडा पाळला होता, आणि इंग्लंडमधल्या खोकडाच्या जागी इथल्या कोल्ह्यामागे तो घोड्यांवरून सोडला जाई. तेव्हा आक्षेप कुत्र्याला नव्हता, कुत्र्याच्या मालकाला होता. तसेच जंगलातल्या रानकुत्र्यांना मारणाऱ्याला सरकार इनाम देई, कारण ती साहेबाच्या हरणांत वाटेकरी होती. आज त्याच रानकुत्र्यांना पाहायला लोक नागझिऱ्याला लांबून येतात!

एक गोष्ट मात्र त्या काळच्या कायद्यात शेतकऱ्याच्या बाजूने होती. १९१२ च्या वन्य पक्षी व प्राणी संरक्षण कायद्याने, आपल्या मालमत्तेच्या खऱ्याखुऱ्या रक्षणासाठी प्राणी मारला तर त्याला कायद्यातून सूट दिली होती. उभे पीक ही मालमत्ताच.

३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारी आणि जमीनदारी गेली. त्यांची राने गावाकडे येतील अशी पुष्कळांची समजूत होती. ती सरकारकडे गेली. निस्तार कागदावर उरला. नंतर १९७० मध्ये नागझिरा अभयारण्य झाले, १९७५ मध्ये नवेगाव राष्ट्रीय उद्यान झाले, आणि २०१३ मध्ये दोन्ही मिळून व्याघ्रप्रकल्प झाला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार परवान्यापुरती आक्रसली आणि १९९१ च्या दुरुस्तीने ते परवानेही संपले. साहेब आणि गावकरी प्रथमच एका रांगेत आले. हे मला न्याय्य वाटते. पण १९१२ ची ती सूट या कायद्यात नाही. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना प्राणी मारला तर गुन्हा होत नाही; पीक वाचवताना मारायचा तर आधी अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. आणि 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येत मारणे, पकडणे, फासे लावणे यांच्याबरोबर प्राण्याचा पाठलाग करणे, त्याला हाकणे आणि तसा प्रयत्न करणे हेही येते.

मग २००६ चा वनहक्क कायदा आला. जंगलावरचे जुने हक्क आदिवासींना आणि इतर पारंपरिक वननिवासींना परत देणारा हा कायदा. २००९ मध्ये गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला त्याखाली सामूहिक हक्क मिळाले. याच्या तिसऱ्या कलमात हक्कांची लांब यादी आहे. तिच्या शेवटाकडे, परंपरेने चालत आलेले इतर सर्व हक्क, मात्र शिकारीचा आणि फासे लावण्याचा हक्क वगळून, असे म्हटले आहे. गंमत अशी, की त्याआधी तीनच वर्षे, २००३ मध्ये, स्कॉटलंडने कोणाच्याही मालकीच्या माळरानावर जबाबदारीने हिंडण्याचा हक्क सर्वांना दिला. आणि शिकारीसाठी आलेल्याला व ज्याचा कुत्रा ताब्यात नाही त्याला त्यातून वगळले. इंग्लंडमध्ये २००० च्या कायद्याने डोंगर आणि माळ पायी फिरणाऱ्यांना खुले झाले, आणि २००५ मध्ये कुत्र्यांच्या तांड्याने केलेली खोकडाची शिकार बंद झाली. रान माणसाला खुले करायचे आणि कुत्रा दाराबाहेर ठेवायचा, ही १२१७ ची वाटणी पुन्हा जमली. कारण मात्र बदलले आहे. तेव्हा राजाचे हरिण वाचवायचे होते.

आजच्या कारणात विज्ञानाचा वाटा आहे. १९९४ मध्ये आफ्रिकेतल्या सेरेंगेटीत डिस्टेंपर या विषाणूच्या साथीने सुमारे एक तृतीयांश सिंह मेले. हा रोग कुत्र्यांचा, आणि आसपासच्या खेड्यांतल्या कुत्र्यांकडून तो आला असावा असे दिसले. आपल्याकडे सोलापूरजवळ नान्नजच्या माळरानावर बेलसरे, वनक आणि गॉम्पर यांनी गावकुत्र्यांचे रक्त तपासले. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात बहुसंख्य कुत्र्यांना डिस्टेंपर आणि पार्वो यांचा संसर्ग पूर्वी होऊन गेल्याच्या खुणा मिळाल्या. त्याच माळावर खोकडेही राहतात. नागझिऱ्यातले रानकुत्रे हे गावकुत्र्याचे जवळचे नातलग आहेत. रात्री मोकळा सुटणारा कुत्रा नुसते पाडस मारतो असे नाही, तो जंगलात काय सोडून येतो हेही पाहावे लागते. म्हणून शिकारीवरची बंदी उठवावी असे मी म्हणणार नाही. परंतु पूर्वी साहेबाच्या करमणुकीसाठी जे ओझे शेतकऱ्याने उचलले, तेच आज आपल्या सर्वांच्या वतीने तोच उचलतो आहे, आणि त्याबद्दल त्याला विचारलेले नाही. २०१५ मध्ये राज्य सरकारने पिके खाणारी रानडुकरे आणि नीलगायी परवाना घेऊन मारण्याची सोय केली. परवान्यासाठी अर्ज दिवसा करावा लागतो. डुकरे रात्री येतात.

वरच्या वर्गांना हा विषय शिकवताना एक काम देता येईल. १९६६ च्या जमीन महसूल संहितेनुसार गावाचे निस्तारपत्रक आणि 'वाजिब-उल-अर्ज' ही नोंदपत्रे असतात. पहिल्यात चराई, लाकूड, जळण यांचे हक्क आणि दुसऱ्यात वाटा, पाणी, मासेमारी यांचे रिवाज लिहिलेले असतात. आपल्या गावाची ती मिळवून मुलांनी घरच्या म्हाताऱ्यांसमोर वाचावीत, आणि कोणती वाट आज बंद आहे ते नकाशावर दाखवावे.

त्या मुलाला मी शाळेच्या पत्त्यावर पत्र लिहिले. गुन्हा कुत्र्याचा होत नाही, आणि कुत्रा डुकराच्या मागे सोडला असेल तर बाबा अडचणीत येऊ शकतात, असे कळवले. कुत्र्याला लस टोचायलाही सांगितले. त्याचे उत्तर आले. बाबांनी कुत्रा बांधीच्या पाळीवरच्या मांडवाला बांधून ठेवला होता. तो रात्रभर भुंकायचा. पहिले आठ दिवस डुकरे आली नाहीत, नंतर दोर किती लांब आहे ते त्यांना कळले.