नक्कल केली म्हणजे चोरी केली?

पूर्वपक्ष सर्वांना पाठ आहे: मोबाइलच्या दुकानातून मेमरी कार्ड भरून घेणारा, इंटरनेटवरून फुकट गाणे उतरवून घेणारा, तो चोर, कलावंत उपाशी राहतो तो त्याच्यामुळे. रत्नागिरीत राहून हे सरसकट मान्य करणे जड जाते.

सावरकर इथे स्थानबद्ध असतानाचे नाटक ‘संन्यस्त खड्ग’. 1931 मध्ये बळवंत संगीत मंडळीने ते रंगभूमीवर आणले. चाली वझेबुवांच्या, गाणारे दीनानाथ मंगेशकर. त्या काळातल्या अशा एखाद्या पदाची तबकडी कुणी संगणकात उतरवून मित्राला पाठवली, तर चोरी कशाची झाली? 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर 60 वर्षे टिकतो. तो केव्हाच संपला. वझेबुवा 1945 मध्ये गेले, चालींवरचा हक्क 2005 अखेर सरला. राहिले शब्द. सावरकरांचे निधन 1966 चे, म्हणून शब्दांवरचा हक्क 2026 अखेरपर्यंत. एकाच पदातला आवाज मोकळा, चाल मोकळी, शब्द तेवढे अडकलेले! कवीची स्थानबद्धता 1937 मध्ये उठली. पदांची त्यानंतर जवळजवळ 90 वर्षे चालली. सरसकट ‘चोर’ म्हणणाऱ्यांनी हा हिशेब कधी मांडलेला दिसत नाही.

जाखडी या कोकणातल्या नाच-गाण्यात तर पूर्वपक्षाचीच पंचाईत होते. शक्तीवाले आणि तुरेवाले एकमेकांना सवाल टाकतात ते पुष्कळदा चित्रपटगीतांच्या चालींवर. मग शाहीरही चोरच म्हणायचे का? त्यांचे पोट कॅसेटवर कधीच नव्हते. ते सुपारीवर, गणपतीतल्या बाऱ्यांवर आणि मुंबईतल्या तिकिटाच्या सामन्यांवर. चाकरमान्यांच्या सामानातून फिरलेल्या नकलांनी त्यांच्या सुपाऱ्या घटल्या, हे आधी दाखवून द्यावे. माझ्या मते त्या वाढल्याच असतील.

राहिली कलावंताच्या उपासमारीची गोष्ट. चित्रपटाचे गीतकार-संगीतकार वर्षानुवर्षे एकरकमी मोबदल्यात सारे हक्क निर्मात्याला लिहून देत. रॉयल्टीतला त्यांचा वाटा असा लिहून घेता येणार नाही, ही तरतूद 2012 च्या दुरुस्तीने आली. तोवरचे ते करार अगदी कायदेशीर होते, आणि त्यांत मेमरी कार्डवाल्याचा काही संबंध नव्हता.

एवढे मात्र पूर्वपक्षाला देऊन टाकतो: पैसे घेऊन कालपरवाच्या चित्रपटाची गाणी कार्डात भरून देणारा दुकानदार यांतल्या कुठल्याच आडोशाला उभा राहू शकत नाही. कलम 63 त्याच्यासाठीच आहे: किमान 6 महिने कैद आणि 50 हजार रुपये दंड.