भाषांतराला जमले नाही ते छंदाने साधले

मराठी ख्रिस्ती उपासनेतल्या गीतांचा विषय निघाला की पहिले नाव येते ते रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे, आणि पुष्कळदा शेवटचेही तेच. गोष्ट साधारण अशी सांगितली जाते: मिशनऱ्यांनी विलायती चालींवर बेतलेली ओबडधोबड भाषांतरे आणली, मंडळी ती निमूटपणे गात राहिली, आणि १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या एका प्रतिभावंत कवीने एकट्याच्या बळावर ख्रिस्ती देवळात अभंग आणला. या गोष्टीत तथ्य आहे, पण तिने एका माणसाच्या पदरात फार टाकले आहे. टिळकांची थोरवी कमी न करता असे म्हणता येते की ख्रिस्ती गीत मराठी झाले ते गाणाऱ्यांच्या मागणीमुळे. ती मागणी ओवी, अभंग, कीर्तन अशा ठरावीक घाटांची होती, आणि टिळकांच्या जन्माच्या सुमारे अडीचशे वर्षे आधी ती लेखी नोंदलेली सापडते.

ही नोंद आहे फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ख्रिस्तपुराणात. इंग्लंडच्या विल्टशायर परगण्यात जन्मलेला हा जेझुइट १५७९ साली गोव्यात उतरला आणि १६१९ साली मरेपर्यंत त्याचे बहुतेक आयुष्य साष्टीत गेले. १६१६ साली रायतूरच्या छापखान्यातून निघालेल्या त्याच्या पुराणात दहा हजारांहून अधिक ओव्या आहेत. ग्रंथाच्या आरंभीच त्याने निर्मितीचे कारण दिले आहे. बाटलेल्यांपैकी एका ब्राह्मणाने त्याला विचारले की, आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी तशीच दुसरी का देत नाही? या प्रश्नात सगळे आले. विचारणाऱ्याला नव्या धर्माची शिकवण मिळतच होती. प्रश्नोत्तरांचे पुस्तक स्टीफन्सने कोकणीत लिहिलेही होते. विचारणाऱ्याला हवे होते ते चार माणसांत बसून मोठ्याने वाचता-गाता येईल असे काही. तत्त्व मिळाले होते, गाणे हरवले होते. स्टीफन्सने उत्तर दिले ते ओवीत. तीन चरणांना यमक, चौथा चरण आखूड आणि मोकळा, ही ग्रंथकारांची ओवी त्याने उचलली, कारण ऐकणाऱ्याच्या कानाला तिचे वळण लागलेले होते.

एकोणिसाव्या शतकात हाच प्रश्न देशावर पुन्हा उभा राहिला. अमेरिकन मिशनचे लोक १८१३ साली मुंबईत आले आणि १८३१ साली त्यांनी अहमदनगरला ठाणे केले. हेन्री बॅलंटाइन यांच्यासारख्या मिशनऱ्यांनी इंग्रजी गीते कष्टाने मराठीत आणली. त्यांच्या निष्ठेबद्दल शंका नाही. अडचण होती ती रचनेची. इंग्रजी गीताची चाल आघातावर उभी असते: कुठे जोर पडायचा ते आधीच ठरलेले असते आणि शब्दांनी त्याप्रमाणे बसायचे असते. मराठीत शब्दावर तसा ठळक आघात नाही. मराठी कान ओळखतो ती ऱ्हस्व-दीर्घाची आणि अक्षरसंख्येची मोजणी. त्यामुळे विलायती चालीत मराठी शब्द कोंबला की 'प्रभु'मधला ऱ्हस्व उकार लांबलचक होतो आणि 'आत्मा'मधला 'आ' घाईने गिळावा लागतो. अभंग गातानाही ऱ्हस्वाचे दीर्घ होते, पण ते गाणाऱ्याच्या सोयीने. इथे ते चालीच्या सोयीने होते. शिवाय अशी गीते गायला पुस्तक हवे, वाचता यायला हवे, आणि चाल ठाऊक असलेला कोणीतरी पुढे हवा. नगर जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांतल्या मंडळ्यांत मोठा भरणा महार समाजातून आलेल्यांचा होता, आणि त्यांतल्या बहुतेकांना अक्षर शिकण्याची संधीच मिळालेली नव्हती.

त्यांच्यापाशी अभंग मात्र होता. मोठ्या अभंगाचा सांगाडा पाहिला की तो अशा मंडळीला का सोयीचा हे कळते. सहा, सहा, सहा आणि चार अक्षरे असे त्याचे चार चरण. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचे यमक जुळते आणि चौथा चरण चार अक्षरांत आटोपतो. त्या आखूड चरणावर श्वास घेता येतो, टाळ वाजतो, आणि मागच्यांना ओळ उचलायला अवसर मिळतो. ध्रुपद सगळ्यांनी म्हणायचे, कडवे एकाने सांगायचे, म्हणजे पुस्तक एकापाशी असले तरी भागते, नसले तरी भागते. चाल बदलली म्हणून अभंग मोडत नाही. हा घाट निरक्षर समूहाला गाता यावे म्हणूनच शतकानुशतके घोटला गेला होता, आणि चोखामेळ्याच्या काळापासून तो महारवाड्याचाही होता.

ही गोष्ट नगरच्या मंडळीला टिळकांच्या फार आधी उमगली होती. कृष्णराव रत्नाजी सांगळे (१८३४–१९०८) यांनी ख्रिस्ती गीते देशी चालींवर रचली. १८६० च्या दशकात नगरकडे ख्रिस्ती कीर्तने होऊ लागली होती. पूर्वरंगात निरूपण, उत्तररंगात आख्यान हा कीर्तनाचा साचा तसाच राहिला. आख्यान मात्र पुराणातले जाऊन शुभवर्तमानातले आले. तेव्हा टिळक कोकणातल्या करजगावी जन्मलेले लहान मूल होते. सांगळ्यांचे एक गीत पुढे अमेरिकन मिशनरी ऑल्डन क्लार्क यांच्या हातून इंग्रजीत गेले आणि आपल्या देशी चालीसकट तिकडच्या गीतसंग्रहांत शिरले. भाषांतराची गाडी उलट्या दिशेने धावल्याचा हा पुरावा आहे. तरी मराठी वाचकांपैकी सांगळ्यांचे नाव ऐकलेले किती निघतील?

मग टिळकांनी नवे काय केले? एक तर त्यांनी या घाटाला मोठ्या कवीची भाषा दिली. उपासना संगीत या मराठी ख्रिस्ती गीतसंग्रहातली अडीचशेच्या आसपास गीते एकट्या टिळकांची आहेत. दुसरे म्हणजे त्यांनी घाटाबरोबर भावही घेतला. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो असे ते म्हणत, आणि अभंगांत ते ख्रिस्ताला माउली म्हणून हाक मारतात. पाश्चात्त्य ख्रिस्ती गीतात देव बहुधा राजा, मेंढपाळ किंवा पिता असतो. वारकऱ्याचा विठ्ठल आई असतो. छंद उसना घेऊन भाव बाहेर ठेवता येत नाही हे टिळकांनी ओळखले. ख्रिस्तायन हे त्यांचे महाकाव्य १९१९ साली त्यांच्या निधनाने अपुरे राहिले आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ते पूर्णत्वाला नेले. ज्यांना शाळा अशी मिळालीच नाही त्या बाईंनी पतीचे ओवीबद्ध काव्य पुढे चालवले, हेही या घाटाच्या सर्वांना परिचित असण्याचेच लक्षण आहे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: देशी छंद हे धर्मांतराचे आमिष होते, ओवीचा गळ टाकून मासे पकडले. मिशनऱ्यांच्या मनात प्रचाराचा हेतू होता हे नाकारण्यात अर्थ नाही. स्टीफन्सच्याही मनात तो होता. पण आमिषाचे काम मासा लागेपर्यंतच असते. ख्रिस्तपुराण मागितले ते आधीच ख्रिस्ती झालेल्या माणसाने. पुढे १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने तीन वर्षांत लोकांनी आपली बोली सोडावी असा हुकूम काढला. म्हणजे सत्तेचे धोरण देशी भाषेच्या उलट होते. तरी पुराण मेले नाही. मुद्रित प्रती नाहीशा झाल्या, हस्तलिखिते घरोघर टिकली, आणि त्यांच्या आधारे १९०७ साली मंगळूरला ते पुन्हा छापले गेले. खुद्द टिळकांनी १९१७ साली मिशनची पगारी चाकरी सोडली आणि बाप्तिस्मा घेतलेल्या न घेतलेल्या सर्व ख्रिस्तभक्तांसाठी 'देवाचा दरबार' उभारण्याचा प्रयत्न केला. अभंग हे मिशनचे हत्यार असते, तर मिशन सोडणाऱ्याच्या हाती ते राहिले नसते.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. टिळक चित्पावन ब्राह्मण, संस्कृतात मुरलेले. त्यांच्या गीतांमुळे दलित मंडळ्यांवर पुन्हा ब्राह्मणी भाषाच बसली, असे म्हणणारे आहेत. यात खरे आहे तेवढे मान्य करावे. टिळकांच्या कित्येक गीतांची शब्दकळा खेड्यातल्या माणसाला जड जाते, आणि ज्यांच्या गळ्यांनी ही परंपरा वाहिली त्यांची नावे संग्रहांच्या पानांवर क्वचितच दिसतात. पण शब्द जड असले तरी घाट परका नव्हता, आणि तो टिळकांनी वरून लादलाही नाही. कीर्तने त्यांच्या आधीपासून होत होती. आक्षेप खरा ठरतो तो इतिहास लिहिणाऱ्यांवर. एकट्या टिळकांची गोष्ट सांगितली की मागणी करणारे लोक आपोआप पडद्याआड जातात. आजही नाताळात विलायती चाली आवडीने गाइल्या जातात, मग छंदाचा एवढा आग्रह कशाला, असेही कोणी विचारील. चार पिढ्या गायलेली परकी चालही आपली होते, हे खरेच. फरक एवढाच की ती शिकावी लागली. अभंग शिकवावा लागला नाही.

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात टिळक येतात ते 'फुलामुलांचे कवी' म्हणून, लक्ष्मीबाई येतात स्मृतिचित्रांच्या लेखिका म्हणून, स्टीफन्स येतो मराठीची स्तुती करणारा परदेशी म्हणून, आणि सांगळे येतच नाहीत. चौघांनी ज्या समूहासाठी लिहिले त्याला त्या इतिहासात जागाच नाही. अभंगाचा इतिहास सतराव्या शतकाशी थांबवून नंतरचे सारे अनुकरणात जमा करण्याची सवय अभ्यासकांनी सोडली पाहिजे. उपासना संगीत हे ख्रिस्ती धर्माचे पुस्तक आहेच. ते मराठी छंदाचेही पुस्तक आहे, आणि मराठीच्या अभ्यासक्रमात ते त्या नात्याने वाचले गेले पाहिजे.