लिंडसे, टेड

लिंडसे, टेड : (२९ जुलै १९२५–४ मार्च २०१९). कॅनडाचा व्यावसायिक आइस हॉकीपटू आणि खेळाडूंच्या संघटनेचा आद्य प्रवर्तक. पूर्ण नाव रॉबर्ट ब्लेक थिओडोर लिंडसे. जन्म ऑन्टारिओ प्रांतातील रेनफ्रू येथे. वडील बर्ट हे गोलरक्षक होते. खाणकामगारांच्या कर्कलंड लेक गावात तो वाढला आणि १९४४ मध्ये नॅशनल हॉकी लीगमधील डेट्रॉइट रेड विंग्ज संघात दाखल झाला.

तो लेफ्ट विंगर, म्हणजे डाव्या कडेचा आघाडीचा खेळाडू. रिंकच्या कडेच्या फळ्यांपाशी प्रतिस्पर्ध्याला अंगाने रेटून पक (खेळातली चकती) हिसकावणे हे विंगरचे रोजचे काम; तिथे दांडगा देह कामी येतो. लिंडसेची उंची जेमतेम ५ फूट ८ इंच. ती उणीव त्याने कोपर, स्टिक आणि माघार न घेण्याची वृत्ती यांनी भरून काढली. हेल्मेट न घालता खेळण्याचा तो काळ. चेहऱ्यावर शेकडो टाके पडले आणि ‘टेरिबल टेड’ हे नाव कायमचे चिकटले. मात्र त्याला निव्वळ दांडगट ठरवणे चुकीचे होईल. मध्यभागी सिड एबल, उजवीकडे गॉर्डी हाउ आणि डावीकडे लिंडसे ही आघाडीची त्रयी ‘प्रॉडक्शन लाइन’ म्हणून गाजली. १९४९-५० च्या हंगामात ७८ गुण (गोल आणि साहाय्ये मिळून) मिळवून तो लीगमध्ये पहिला आला. १९५०, १९५२, १९५४ आणि १९५५ मध्ये डेट्रॉइटने स्टॅनली कप हा लीगचा विजेतेपदाचा चषक जिंकला. १९५० च्या विजयानंतर त्याने टेबलावरचा चषक उचलला आणि प्रेक्षकांना जवळून पाहता यावा म्हणून रिंकच्या कडेकडेने फिरवला. चषक घेऊन रिंकला फेरी मारण्याची प्रथा तेव्हापासूनची मानतात.

१९५६-५७ मध्ये त्याने ८५ गुण मिळवले. ही त्याची सर्वोत्तम कामगिरी. त्याच हंगामात माँट्रियलच्या डग हार्वीसह त्याने खेळाडूंची संघटना उभारली. लीगमध्ये तेव्हा सहाच संघ होते. करार क्लबच्या सोयीचे असत आणि निवृत्तिवेतन निधीचा हिशेब मागूनही खेळाडूंना मिळत नसे. मालकांनी संघटनेला कडाडून विरोध केला. लिंडसेची रवानगी शिकागो ब्लॅक हॉक्स या तळाच्या संघात झाली. भर बहरातल्या खेळाडूची अशी पाठवणी म्हणजे उघड शिक्षाच होती. पुढे डेट्रॉइटच्या त्याच्याच जुन्या सहकाऱ्यांनी संघटनेतून अंग काढून घेतले. मालकांविरुद्धच्या दाव्यात १९५८ मध्ये न्यायालयाबाहेर तडजोड झाली, तीत किमान वेतन ७,००० डॉलर ठरले. संघटना मात्र टिकली नाही. खेळाडूंची कायमस्वरूपी संघटना १९६७ मध्ये उभी राहिली.

१९६० मध्ये तो निवृत्त झाला. चार वर्षांनी, एबल डेट्रॉइटचा प्रशिक्षक असताना, तो एका हंगामासाठी परतला. एकोणचाळिशीतही त्याने १४ गोल केले आणि १७३ मिनिटे शिक्षेच्या बाकावर काढली. एकूण १,०६८ सामने, ३७९ गोल, ४७२ साहाय्ये आणि १,८०८ मिनिटांची शिक्षा असा त्याच्या कारकिर्दीचा लेखाजोखा आहे.

१९६६ मध्ये हॉकी हॉल ऑफ फेममध्ये त्याची निवड झाली. सत्कार समारंभात फक्त पुरुषांना प्रवेश होता. पत्नी आणि मुलांना येऊ देत नाहीत म्हणून तो गेला नाही. पुढे हा नियम बदलण्यात आला. डेट्रॉइटने १९९१ मध्ये त्याचा ७ क्रमांक निवृत्त केला. हंगामातील सर्वोत्कृष्ट खेळाडूला खेळाडूंच्याच मतांनी मिळणारा पुरस्कार २०१० पासून त्याच्या नावाने दिला जातो.