डबलडेकरच्या पायऱ्या आणि आपली खुर्ची

‘बसून काम करणाऱ्यांना हृदयविकाराचा धोका जास्त’ हे आज आपण सहज बोलून जातो. पण १९५०च्या आधी हे आकड्यांनिशी सांगणं सोपं नव्हतं. ते कसं शक्य झालं, ते आज बघू. तुम्ही संशोधनाचा विषय शोधत असाल तर ही गोष्ट कामाची आहे. आणि पुढची पाच वर्षं तुम्हीही खुर्चीतच काढणार आहात, म्हणून जरा जास्तच कामाची!

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये हृदयविकाराचे मृत्यू वाढत होते. जेरी मॉरिस या डॉक्टरांना प्रश्न पडला, की माणूस काय काम करतो याचा त्याच्याशी काही संबंध असेल का? आता तुलना कुणाची करायची? खाणकामगार आणि बँक मॅनेजर घेतले, तर पगार, घर, जेवण सगळंच वेगळं. मॉरिसनी निवडले लंडनच्या डबलडेकरचे ड्रायव्हर आणि कंडक्टर. बस तीच, कंपनी तीच, राहणीमानही साधारण सारखं. फरक एवढाच, की ड्रायव्हर जवळजवळ पूर्ण पाळी बसून असायचा आणि कंडक्टर तिकिटं देत दिवसाला सुमारे ६०० पायऱ्या चढायचा.

१९५३ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले. कंडक्टरांमध्ये हृदयविकार कमी होता, झालाच तर उशिरा आणि कमी जीवघेणा. टपाल खात्यातही तेच दिसलं: फिरून पत्रं वाटणारे पोस्टमन बैठं काम करणाऱ्यांपेक्षा बरे होते.

झालं सिद्ध? थांबा. मुळात जाड माणसंच ड्रायव्हर होत असतील तर? ही शंका तुमच्या मनात आली असेल, तर तुम्ही योग्य मार्गावर आहात. मॉरिस आणि सहकाऱ्यांनी यासाठी चक्क गणवेशाच्या नोंदी काढल्या. १९५६च्या त्या निबंधात पँटच्या मापांवरून दिसलं, की ड्रायव्हरांची कंबर खरंच मोठी होती. म्हणजे शंका रास्त होती, आणि ती त्यांनी स्वतःच छापली. पुढच्या विश्लेषणात मात्र बारीक, मध्यम आणि स्थूल अशा तिन्ही गटांत अचानक मृत्यूचं प्रमाण ड्रायव्हरांमध्येच जास्त निघालं. नुसत्या जाडीवर सगळं ढकलता येईना.

पण काळ बदलत होता. कामातले कष्ट कमी होत होते, लोक टेबलाशी बसू लागले होते. ज्याच्या नोकरीत जिनाच नाही, त्याने काय करायचं? म्हणून मॉरिसनी १९६८ ते १९७० मध्ये सुमारे १७ हजार सरकारी कर्मचारी घेतले, सगळे ४० ते ६४ वयाचे आणि बैठं काम करणारे पुरुष. सोमवारी सकाळी त्यांना आधीच्या शुक्रवार-शनिवारी काय काय केलं ते लिहायला सांगितलं. १९७३ साली कळलं, की फावल्या वेळात पोहणं, भरभर चालणं, बागेत खणणं असं दमवणारं काहीतरी करणाऱ्यांना हृदयविकाराचा धोका इतरांच्या साधारण एक तृतीयांश होता.

हाही निरीक्षणात्मक अभ्यासच, बरं का. मुळात निरोगी माणूसच जास्त पोहत असेल, ही शंका इथेही उरते.

माझ्या मते खरा धडा त्या सोमवारच्या कागदात आहे. कंडक्टरला स्वतःला प्रोत्साहन द्यावं लागत नव्हतं, प्रवासीच त्याला वर बोलवायचे. खुर्चीतल्या माणसाला तो जिना स्वतः शोधावा लागतो. ‘मी तसा ॲक्टिव्ह आहे’ हे मत झालं, आणि ‘शनिवारी वीस मिनिटं भरभर चाललो’ ही नोंद. तेव्हा येत्या सोमवारी लॅपटॉप उघडण्याआधी मागचे दोन दिवस कागदावर उतरवा. पान कोरं राहिलं, तर निदान तुमचा पहिला डेटा तरी हातात असेल. मग लिफ्ट सोडायची, की डबा खाल्ल्यावर एक फेरी मारायची, ते तुम्हीच ठरवा.