हुजूर, मजूर आणि वर्तमानपत्रं

मी शाळेत इतिहास शिकवत असे तेव्हा १९४५ सालच्या ब्रिटिश निवडणुकीची बोळवण एका वाक्यात होत असे. इंग्लंडमध्ये मजूर पक्ष सत्तेवर आला आणि भारताच्या स्वातंत्र्याचा मार्ग मोकळा झाला. बस्स! मुलं ते पाठ करत, मी एक गुण देत असे. पण मंडळी, त्या एका वाक्यामागे केवढं रामायण घडलं होतं ते आज सांगावंसं वाटतंय.

मे १९४५ मध्ये जर्मनी शरण आला. युद्धकाळात हुजूर आणि मजूर हे दोन्ही पक्ष चर्चिल यांच्या सरकारात मांडीला मांडी लावून बसले होते. युरोपातली लढाई संपताच ते वेगळे झाले आणि ५ जुलैला मतदान ठरलं. आधीची निवडणूक १९३५ची, त्यामुळे तिशीच्या आतल्या कुणीही सार्वत्रिक निवडणुकीत कधी मत दिलेलंच नव्हतं.

४ जूनला चर्चिल रेडिओवर बोलले. मजूर पक्षाची समाजवादी राजवट आली तर तिला कुठल्या ना कुठल्या प्रकारचं गेस्टापो, म्हणजे हिटलरच्या गुप्त पोलिसांसारखं काहीतरी, ठेवावंच लागेल असं ते म्हणाले. कालपर्यंत शेजारच्या खुर्चीत बसणाऱ्या सहकाऱ्यांबद्दल हे बोलणं! दुसऱ्या दिवशी 'डेली एक्स्प्रेस'ने तेच ठळक मथळ्यात छापलं. तीस लाखांवर खपाचा हा पेपर लॉर्ड बीव्हरब्रुक यांचा, आणि हे मालक खुद्द चर्चिल यांच्या मंत्रिमंडळात!

मजूर पक्षाचे नेते ॲटली त्याच संध्याकाळी रेडिओवर आले. युद्धातले थोर नेते चर्चिल आणि पक्षनेते चर्चिल यांतला फरक दाखवून दिल्याबद्दल त्यांनी आभार मानले. काल ऐकू आला तो आवाज चर्चिल यांचा होता, पण डोकं बीव्हरब्रुक यांचं होतं, असंही सुनावलं. आवाज न चढवता! आमचे जुने हेडमास्तर असेच बोलत, आणि वर्ग चिडीचूप होई.

मग पेपरांना सापडले हॅरॉल्ड लास्की. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे प्राध्यापक, अनेक भारतीय विद्यार्थ्यांचे लाडके गुरू आणि त्या वर्षी मजूर पक्षाच्या कार्यकारिणीचे अध्यक्ष. पोट्सडॅमच्या परिषदेला ॲटली यांनी केवळ निरीक्षक म्हणून जावं, असं ते बोलून गेले. झालं! खरं राज्य लास्कीच करणार अशी ओरड सुरू झाली. हिंसक क्रांतीची भाषा केल्याचाही आरोप त्यांच्यावर झाला. त्यांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला, तो १९४६ साली हरले. निवडणूक संपली तरी त्या माणसाला भोग चुकला नाही.

दुसऱ्या बाजूला 'डेली मिरर' होता. त्याने अमुक पक्षाला मत द्या असं थेट म्हटलं नाही. लढाईवर असलेल्या नवऱ्याचा विचार करून मत द्या, असा प्रचार त्याने केला, आणि तोही वाचक बायकांच्या पत्रांतून. मतदानाच्या दिवशी पहिल्या पानावर फिलिप झेक यांचं जुनंच व्यंगचित्र पुन्हा छापलं: जखमी सैनिक विजय आणि शांतता आपल्या हाती सोपवतोय आणि पुन्हा गमावू नका म्हणतोय. लोकांच्या मनात होती घरं, नोकरी, औषधपाणी. 'एक्स्प्रेस' लास्कींबद्दल बोलत होता, 'मिरर' घराबद्दल.

इकडे आपल्याकडे काय चाललं होतं? अहमदनगरच्या किल्ल्यात जवळजवळ तीन वर्षं काढलेले नेहरू १५ जूनला तुरुंगातून सुटले. २५ जूनला सिमल्याची परिषद सुरू झाली. तिथला प्रचार आणि इथल्या वाटाघाटी एकाच वेळी चालल्या होत्या, पण ब्रिटिश मतदाराच्या लेखी हिंदुस्थान फार मागे होता.

परदेशातल्या सैनिकांची मतं यायची म्हणून मोजणी तीन आठवड्यांनी झाली. २६ जुलैला निकाल लागला. ६४० पैकी ३९३ जागा मजूर पक्षाला! 'न्यूज क्रॉनिकल'मधल्या गॅलप चाचणीने मजूर पक्ष पुढे असल्याचं सांगितलं होतं, पण फारसं कुणी मनावर घेतलं नव्हतं. चर्चिल यांच्या स्वतःच्या मतदारसंघात मजूर आणि लिबरल यांनी उमेदवारच दिला नव्हता, तरी एका अपक्षाला दहा हजारांवर मतं पडली. भारतमंत्री ॲमरी तर बर्मिंगहॅममध्ये पडलेच.

पुढचं आपल्याला ठाऊक आहे. पूर्वी सायमन कमिशनचे सदस्य म्हणून आलेले, 'सायमन परत जा' ऐकलेले ॲटलीच १९४७ साली पंतप्रधान होते. बर्मिंगहॅम-लीड्सच्या बायकांनी घर मिळावं म्हणून मत दिलं आणि त्यात आपलंही घर आपल्याला लवकर मिळालं, असं मला वाटतं.

पेपर निवडणूक जिंकून देतात का, या प्रश्नावर इथे अनेकदा वाद झालाय. माझं मत असं, की वाचकाच्या मनात आधीच असलेलं जो पेपर ओळखतो त्याचं थोडंफार चालतं. मालकाच्या मनातलं छापणाऱ्याचा खप वाढेल, मतं वाढतीलच असं नाही. पण लास्कींसारख्या माणसाच्या आयुष्याचं काय, याचा हिशेब कोणत्याच निकालपत्रकात नसतो. तो मला जास्त छळतो.

असो. तुम्हाला काय वाटतं ते जरूर कळवा.